बुबुळावरचा आखाडा

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाबद्दल वापरतो आणि त्या ओघात कुसळाला अगदीच क्षुल्लक ठरवून मोकळे होतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र एका कुसळाने मुसळाहून मोठे काम केले आहे. १८७९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी एका शेतकऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. मळणी करताना ओट या धान्याचे कुसळ उडून त्याच्या डोळ्याला लागले, बुबुळावर जखम झाली, ती चिघळली, आणि त्या जखमेत लेबर यांना अस्परजिलस जातीची बुरशी सापडली. बुबुळात बुरशी वाढू शकते, याची ही पहिली नोंद. त्या बुरशीचे पुढे काय झाले ते नंतर येईलच. आधी एवढे सांगायला हवे की लेबर ज्या जागेकडे पाहत होते, ती त्या काळातल्या वैद्यकाची सगळ्यांत वादग्रस्त जागा होती. बुबुळावरची पारदर्शक काच, जिला पुस्तके स्वच्छमंडल म्हणतात, ती त्या शतकात ‘दाह म्हणजे नेमके काय’ या प्रश्नाचा आखाडा झाली होती. शास्त्रज्ञांनी हा आखाडा निवडला तो मोकळा म्हणून. ती जागा मोकळी कधीच नव्हती, ती राखलेली होती, आणि हे कळायला दीडशे वर्षे लागली, असे माझे म्हणणे आहे. तिला मोकळी समजून जे उपचार झाले ते बहुधा फसले; राखण कशी होते हे जसजसे उमगले, तसतसे उपचार सुधारले.

मराठीत बुबुळावर पांढरा डाग राहिला की ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात. शब्द गोड आहे, गोष्ट नाही. हे पांढरेपण दोन प्रकारचे असते, हे जुन्यांनाही ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या काळ्या भागाचे रोग सांगताना सव्रण शुक्र आणि अव्रण शुक्र असे भेद केले आहेत. एकात जखम अजून धगधगते आहे, दुसऱ्यात नुसता पांढरेपणा आहे. कारणमीमांसा वात-पित्त-कफाच्या भाषेतली असली, तरी पाहणे अचूक होते. दाहामुळे आलेला पांढरेपणा निराळा आणि जखम वेडीवाकडी सांधली गेल्याने राहिलेला पांढरेपणा निराळा. युरोपातल्या पंडितांनी एकोणिसाव्या शतकात जो वाद घातला, त्याच्या मुळाशी हाच भेद होता. फक्त तो त्यांना वादाच्या भरात दिसला नाही.

स्वच्छमंडल साधारण साडेअकरा मिलिमीटर रुंद आणि मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यात रक्तवाहिनी नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आलेल्या बारीक वाहिन्या काचेच्या काठाशी येतात आणि तिथेच वळसा घालून थांबतात. आता, दाहाची जुनी लक्षणे म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि ठणका. यांतली पहिली तीन तर रक्ताचीच लक्षणे. मग जिथे रक्तच नाही, तिथे दाह कसा होतो? होतो हे तर दिसतच होते. रुडॉल्फ फिर्खो यांना यात आपल्या सिद्धान्ताचा पुरावा दिसला. शरीरातली प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतून जन्मते, रोग हा पेशींचा रोग आहे, हे त्यांचे म्हणणे १८५८ च्या ‘सेल्युलर पॅथॉलॉजी’त ठामपणे मांडले गेले. दाहात दिसणारा पू हा त्या जागेच्या स्थानिक पेशी फुगून, दुभंगून तयार होतो, असे ते सांगत. त्यांचे विद्यार्थी विल्हेल्म हिस यांनी १८५६ मध्ये स्वच्छमंडलाच्या रचनेवर सविस्तर काम प्रसिद्ध केले होते. काचेच्या थरांमध्ये चपट्या, शेपट्या असलेल्या पेशी दिसत. डागणी दिल्यावर त्या बदलत. रक्तवाहिनी नाही, तरी पू होतो. म्हणजे पू तिथलाच. तर्क चोख होता.

तर्काला सुरुंग लागला तो घरातूनच. युलियस कोनहाइम हे बर्लिनमध्ये फिर्खोंचेच सहायक. त्यांनी बेडूक घेतला. बेडकाच्या पाठीच्या कातडीखालच्या लसीकेच्या पोकळीत अ‍ॅनिलिनचा निळा रंग सोडला. शरीरात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी हा रंग गिळतात आणि निळे कण पोटात घेऊन हिंडू लागतात. मग बेडकाच्या बुबुळाला डागणी दिली. काही काळाने बुबुळ गढूळ झाले, ते काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर आत निळे कण बाळगणाऱ्या पेशी. त्या तिथे जन्मल्या असत्या तर त्यांच्याकडे पाठीतला रंग कुठून आला असता? शिवाय डागणी मध्यावर दिली तरी गढूळपणा काठाकडून आत सरकत येताना दिसे. म्हणजे काठापाशी थांबलेल्या रक्तवाहिन्यांतून कोणी बाहेर पडून चालत येत होते. पुढे त्यांनी बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा ताणून पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर निघताना प्रत्यक्ष पाहिल्या. ऑगस्टस वॉलर यांनी लंडनमध्ये १८४६ साली असेच काहीसे पाहून ठेवले होते, पण ते विसरले गेले होते. कोनहाइम यांचा निबंध १८६७ साली छापून आला, आणि छापला गेला तो फिर्खो यांच्याच नियतकालिकात. गुरूच्या सिद्धान्ताला धक्का देणारा लेख गुरूच्या अंगणात प्रसिद्ध व्हावा, हे विद्याक्षेत्रात आजही सर्रास घडत नाही.

पाठ्यपुस्तके इथे कोनहाइमला विजयी घोषित करून पुढे जातात. मला हा निकाल अर्धाच खरा वाटतो. व्हिएन्नाचे सालोमोन श्ट्रिकर पुढे बरीच वर्षे स्थानिक पेशींची बाजू लढवत राहिले आणि त्यांना हट्टी ठरवणे सोपे आहे. पण श्ट्रिकर जे पाहत होते तेही बुबुळात घडतच होते. फ्रीड्रिश फॉन रेकलिंगहाउसेन यांनी १८६३ मध्येच बुबुळात दोन जातींच्या पेशी असल्याचे दाखवले होते: एक जागेवर बसलेल्या आणि दुसऱ्या सरपटणाऱ्या. पू सरपटणाऱ्यांचा, हे कोनहाइमने सिद्ध केले. पण जखमेनंतर बसलेल्या पेशी स्वस्थ राहतात असे त्यातून सिद्ध होत नव्हते. स्टीव्हन विल्सन यांनी १९९६ मध्ये दाखवले की काचेचा वरचा थर खरवडला गेला की त्याच्या लगेच खालच्या स्थानिक पेशी काही तासांत स्वतःहून मरतात. उरलेल्या जाग्या होतात, वाढतात, जखमेच्या जागी येऊन नवे तंतू विणतात, आणि त्यांतल्या काही आकुंचन पावून जखम ओढून घेतात. हे तंतू मूळच्यासारखे शिस्तीत बसले नाहीत की उजेड विखुरतो. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये मांडले होते की काच पारदर्शक दिसते ती तिच्या बारीक तंतूंच्या नियमित रचनेमुळे. त्यांच्यात विस्कळीतपणा आला की फूल पडलेच. म्हणजे पू रक्तातला आणि डाग घरचा. सव्रण शुक्राच्या बाबतीत कोनहाइम बरोबर होते, अव्रण शुक्राच्या बाबतीत फिर्खो निदान चुकीचे नव्हते. वाद जिंकला गेला, तो प्रश्नाचे दोन तुकडे न करता एकच मानल्यामुळे.

ही तडजोड म्हणजे दोघांनाही खूश ठेवण्याची युक्ती आहे, असे कोणी म्हणेल. फिर्खो तर पुवाबद्दलच बोलत होते आणि पुवाबद्दल ते चुकले, हे कबूल. पण कोनहाइमच्या विजयाने एक गैरसमज पक्का केला: बुबुळ हे निव्वळ मैदान आहे, सैन्य बाहेरून येते, लढाई करते आणि निघून जाते, मैदानाला स्वतःचे काही म्हणणे नसते. कोनहाइम यांनी स्वतः पुढे ब्रेसलाऊला असताना सशाच्या डोळ्यात, काचेच्या मागच्या पोकळीत, क्षयाचे द्रव्य ठेवून गाठी कशा वाढतात ते त्या खिडकीतून पाहिले होते. मैदान आणि खिडकी, या दोन भूमिकांतून स्वच्छमंडलाची सुटका व्हायला फार वेळ लागला.

आता ती बुरशी. लेबर यांनी अस्परजिलस सशाच्या बुबुळात टोचला आणि पाहिले की पांढऱ्या पेशी काठाकडून निघून बुरशीच्या दिशेने सरकतात आणि तिच्याभोवती कडे करतात. मेलेली बुरशी टोचली तरी येतात. म्हणजे बुरशीतून काहीतरी रासायनिक द्रव्य झिरपते आणि पेशींना त्याचा माग लागतो. पांढऱ्या पेशी रसायनाच्या ओढीने चालतात, हे १८८८ मध्ये त्यांनी मांडले. दाहाच्या शास्त्रातला हा पायाचा दगड आहे. बुबुळात तो रोवला गेला याचे कारण साधे आहे. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अवयवात पेशी कुठून आली आणि कुठे चालली हे कळत नाही. सहा मिलिमीटर कोरे अंतर चालून जावे लागले की दिशा लपत नाही. याच लेबर यांनी १८७३ मध्ये दाखवले होते की काचेच्या आतल्या बाजूचा एकेरी पेशींचा थर डोळ्यातले पाणी काचेत शिरू देत नाही. तो खरवडला की काच फुगते आणि धुरकट होते. मैदानाला स्वतःचे काम असते, याचा हा पहिला पक्का पुरावा. गंमत म्हणजे तो देणारा माणूस आणि मैदानातली फौज मोजणारा माणूस एकच होता, पण या दोन गोष्टींची सांगड घालायचे त्यालाही सुचले नसावे.

१८८० च्याच दशकात पॅरिसमध्ये उलट्या टोकाचा प्रयोग चालू होता. खुपरीच्या रोगात, म्हणजे ट्रॅकोमात, बुबुळावर रक्तवाहिन्यांचा पडदा चढतो आणि नजर जाते. लुई द वेकर यांनी १८८२ मध्ये त्यावर ब्राझीलमधला एक गावठी उपाय पुढे आणला: गुंजेच्या बियांचा अर्क डोळ्यात घालायचा. गुंज म्हणजे आपली तीच लाल-काळी, सोनाराच्या तराजूतली. तिच्यात अब्रिन नावाचे जहाल विष असते. ते डोळ्यात गेले की भयंकर दाह उठतो, आणि तो ओसरला की जुना पडदाही विरघळलेला असेल, अशी कल्पना. कधी कधी तसे होई. कधी डोळाच जाई. त्याआधी याच रोगावर परम्याचा पू डोळ्यात टोचण्याचाही उपचार युरोपात झाला होता. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्यामागे मूर्खपणा नव्हता, सिद्धान्त होता. बुबुळ आळशी आहे, त्याच्याकडे रक्त नाही, म्हणून ते बरे होत नाही. त्याला चेतवले पाहिजे. मोकळ्या मैदानाच्या कल्पनेचे हे सरळ पर्यवसान. गुंजेने एक उपकार मात्र केला. पाउल एर्लिश यांनी १८९१ मध्ये अब्रिन आणि एरंडातले रिसिन प्राण्यांना थोडे थोडे देऊन त्यांच्यात विषाविरुद्ध प्रतिकार कसा तयार होतो ते दाखवले, आणि प्रतिकारशक्तीच्या शास्त्राला मोजमाप मिळाले.

बुबुळरोपणाचा इतिहास हा या समजुतीची दुसरी परीक्षा. एकोणिसाव्या शतकात डुकराचे, सशाचे बुबुळ माणसाला बसवून पाहिले गेले आणि ती बहुतेक पांढरी पडली. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउट्स इथे एडुआर्ट त्सिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला, दुखापतीमुळे डोळा काढावा लागलेल्या एका मुलाचे बुबुळ बसवले. एका डोळ्यातले टिकले आणि मजूर कामावर परतला. माणसाचा कोणताही अवयव माणसाला बसवून टिकल्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. ते का टिकले, याचे उत्तर पुढे ठरून गेले: रक्त नाही म्हणून शरीराला परक्याची खबरच लागत नाही. पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशाच्या डोळ्याच्या पोकळीत परक्या सशाची कातडी ठेवली. रक्तवाहिन्या शिरेपर्यंत ती टिकली. उत्तर पक्के झाल्यासारखे वाटले. पण १९५१ मध्ये एडवर्ड मॉमेनी यांनी सशात बसवलेले परके बुबुळ नितळ असतानाच त्या सशाला त्याच दात्याची कातडी लावली, आणि स्वच्छ असलेले बुबुळ गढुळले. शरीराला खबर होती तर. तोवर ते गप्प बसले होते.

गप्प बसणे आणि गप्प बसवले जाणे यांत फरक आहे, आणि माझ्या युक्तिवादाची सगळी भिस्त या फरकावर आहे. १९९५ मध्ये थॉमस ग्रिफिथ आणि थॉमस फर्ग्युसन यांच्या गटाने उंदरांत दाखवले की डोळ्यातल्या पेशींच्या पृष्ठभागावर फास-लिगंड नावाचे प्रथिन असते, आणि दाहासाठी आलेली पांढरी पेशी त्याला टेकली की मरते. १९९७ मध्ये त्याच प्रथिनाची बुबुळरोपणात चाचणी झाली: प्रथिन असलेली बुबुळे निम्म्याच्या आसपास टिकली, नसलेली एकही टिकली नाही. काही वर्षांनी बोस्टनच्या संशोधकांनी आणखी एक समज मोडला. पहारा देऊन खबर पोचवणाऱ्या पेशी बुबुळाच्या मध्यात नसतातच, असे तोवर मानले जाई. त्या असतात, मात्र त्यांच्या अंगावर शस्त्रे नसतात, दाह उठला की ती येतात. आणि रक्तवाहिन्या? २००६ मध्ये जयकृष्ण अंबाटी यांच्या गटाने दाखवले की रक्तवाहिन्यांना वाढायला बोलावणारे द्रव्य बुबुळात भरपूर असते. पण त्याला बांधून ठेवणारा एक विरघळणारा ग्राहकही बुबुळ सतत तयार करत असते. उंदरांत तो ग्राहक काढला की वाहिन्या आत शिरतात. अर्धा मिलिमीटर काच रोज वाहिन्यांना नको म्हणत असते.

इथे सर्वांत रास्त आक्षेप असा की हे सारे उंदरांत सिद्ध झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि बेडूक तर मुळीच नव्हे. आक्षेप खरा आहे, आणि कोनहाइमच्या काळापासून तो या क्षेत्राच्या मानगुटीवर आहे. पण अंबाटी गटाने उंदरांपलीकडे जाऊन एक साक्षीदार आणला. मॅनाटी नावाचा शाकाहारी सागरी सस्तन प्राणी आहे. त्याच्या बुबुळात जन्मतःच रक्तवाहिन्या असतात. त्याच्या बुबुळात तो ग्राहक सापडला नाही. त्याचे जवळचे नातलग, ड्युगाँग आणि हत्ती, यांची बुबुळे नितळ असतात. त्यांच्यात तो सापडला. निसर्गाने आपल्या हाताने केलेला हा प्रयोग आहे. त्याने माणसाबद्दल सर्व काही सिद्ध होत नाही, पण रक्तवाहिन्यांचा अभाव ही आपोआपची गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यावर आता पुराव्याची जबाबदारी येते.

भरून येण्याची बाजूही अशीच काठावरून उलगडली. वरचा थर खरवडला तर कडेच्या पेशी चपट्या होऊन सरकतात आणि लहान जखम एकदोन दिवसांत झाकतात, हे जुनेच निरीक्षण. पण नवा माल येतो कुठून? रिचर्ड थॉफ्ट आणि जुडिथ फ्रेंड यांनी १९८३ मध्ये हिशेब मांडला: तळातून वर येणाऱ्या आणि काठाकडून मध्याकडे येणाऱ्या पेशींची बेरीज पृष्ठभागावरून झडणाऱ्या पेशींइतकी असली पाहिजे. तो काठ, जिथे रक्तवाहिन्या थांबतात, तिथेच मूळपेशी राहतात. चुन्याने किंवा आम्लाने तो काठ जळला की पेशींचा ओघही संपतो आणि वाहिन्यांवरचा बांधही फुटतो. म्हणून अशा डोळ्यांत नुसते बुबुळ बदलून भागत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या काठाचा छोटा तुकडा घेऊन, त्याचे बारीक तुकडे करून, जळलेल्या बुबुळावर पेरतात. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा खर्च वाचतो. पेरणी हा शब्द इथे मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

मग कोणी विचारेल: बुबुळाला शांतताच हवी असेल तर दाह सरळ दाबून टाकावा. स्टेरॉइडचे थेंब १९५० पासून हाताशी आहेतच. हा प्रश्न भारतातच नीट तपासला गेला. जंतूंमुळे बुबुळावर अल्सर झालेल्या ५०० रुग्णांवर, मुख्यतः मदुराईच्या अरविंद रुग्णालयात, चाचणी झाली: प्रतिजैविक सुरू केल्यावर दोन दिवसांनी निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना औषध नसलेले थेंब. २०१२ साली निकाल आला. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या नजरेत एकंदर फरक नव्हता. सुरुवातीला नजर फारच गेलेल्यांना थोडा फायदा दिसला. याचा अर्थ मला असा दिसतो की बुबुळाची राखण म्हणजे दाह नसणे नव्हे. दाह किती वेळ आणि कुठवर चालू द्यायचा, हे ठरवणे म्हणजे राखण. बाहेरून ओतलेले औषध ते ठरवू शकत नाही; फार तर मदत करते. आणि ही चाचणी जंतूंची होती, बुरशीची नव्हती. ज्या पांढऱ्या पेशी लेबरना बुरशीभोवती कडे करताना दिसल्या, त्याच स्टेरॉइडने मागे हटतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते.

तेव्हा ज्वारी-बाजरीच्या काढणीत किंवा ऊसतोडीत डोळ्याला कुसळ, पात किंवा माती लागली आणि दुसऱ्या दिवशीही डोळा लाल राहिला, उजेड सहन होईना, तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणू नका, त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. घरात पूर्वीचे उरलेले थेंब असतील तर तेही घालू नका. बुबुळ खरवडून नमुना तपासणाऱ्या नेत्ररुग्णालयात त्याच दिवशी जा, आणि डोळ्याला काय लागले होते ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.